वेशीपुरता पैसा

“हे इथं चालत नाही, काकू.” तिकीटबाबू ड्रेसेलनं नोटा खिडकीतून परत सरकवल्या.

“कसं चालत नाही? काल तुझ्याच बायकोनं या नोटांनी कोबी घेतला.”

“कोबी गावचा. रेल्वे सरकारची. तिला गावचा कागद देऊन मी नोकरी घालवू?”

ओटिलियानं नोटा गोळा करून मुठीत धरल्या. रजेवर आलेला एक शिपाई सकाळीच निरोप सांगून गेला होता. तुमच्या आल्विनचा पाय सडलाय, संध्याकाळी कापणार, आई हवी म्हणतो. लष्करी इस्पितळ होतं जिल्ह्याच्या गावी आणि गाडी ही एकच.

ती नगरपालिकेत धावली. नोटा तिथंच निघालेल्या, महापौराच्या सहीच्या. दिवसभर तोफगोळे घासायचे आणि मजुरी म्हणून हे कागद घ्यायचे. नाणी उरली होती कुठं? तांबं, निकेल, चर्चची घंटासुद्धा युद्धानं गिळली होती.

कारकुनानं नोट उलटी करून दाखवली. “वाचा की. तह झाला की महिन्याभरानं बदलून मिळेल.”

“आणि तह कधी?”

“मला काय विचारताय? बर्लिनला विचारा.”

मागचे दोघे हसले. त्यांची पोरं घरी असावीत.

खानावळवाल्या बोर्नेमानकडे रेल्वेला चालणारे सरकारी मार्क असायचे. तिनं बोटातली अंगठी काढून त्याच्यापुढं ठेवली. म्हातारा ती नखानं टिचकावत म्हणाला, “अगं ओटिलिया, ही तर लोखंडाची.”

लोखंडाचीच होती. लग्नातली सोन्याची तिनं युद्धाच्या पहिल्या वर्षी, बँड वाजत असताना, देशाला देऊन टाकली होती आणि बदल्यात ही मिळाली होती. देशाला तिचं सोनं चाललं, तिचा पोरगा चालला. तिची मजुरी तेवढी चालली नाही.

तेवढ्यात शिट्टी झाली. ओटिलियानं डोक्याचा रुमाल आवळला आणि ती रुळांच्या कडेनं निघाली. गाडी अंगावर धूर सोडत शेजारून गेली. निम्मी रिकामी होती. संध्याकाळ म्हणजे नक्की किती वाजता, हे त्या शिपायाला विचारायचं राहूनच गेलं होतं. ती अधूनमधून पळत होती.

इस्पितळात दिवे लागत होते. आल्विन अजून खाटेवरच होता. कोपऱ्यात डॉक्टर हात धूत होता.

“आलीस?” पोराचे ओठ कोरडे पडले होते. “गाडीत गर्दी होती?”

“छे रे. चांगली ऐसपैस बसून आले.”

ती स्टुलावर बसली, त्याचा हात हातात घेतला आणि रक्तानं चिकटलेले मोजे त्याला दिसू नयेत म्हणून आपले पाय हळूच खाटेखाली सारले.