साक्षीला ओढलेलं कातळचित्र

मित्रांनो, मी एक जुनं जनावर आहे. हाडामांसाचं नव्हे, कातळात कोरलेलं. जयगडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव लागतं, त्याच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, मी आडवं पसरलेलं आहे. कोणी मला गवा म्हणतं, कोणी डुक्कर. सहलीची पोरं तर सरळ म्हैस म्हणून मोकळी होतात. खरं काय ते मलाही ठाऊक नाही, कारण मी स्वतःला वरून कधी पाहिलेलं नाही. राग वगैरे येत नाही मला. ऊन, पाऊस, गुरांचे खूर अंगावरून जाऊन जाऊन आता फारसं काही लागतच नाही.

मला कोरणारी माणसं कधीची, ते जाणत्यांनी ठरवावं. मला वर्षं मोजता येत नाहीत. एवढं आठवतं की ती दगडाने दगड ठोकत आणि भूक लागली की माझ्या पाठीवरच बसून खात. बहुतेक दिवस कंद. रानातून खणून आणायचे, निखाऱ्यात भाजायचे, साल काढून गरम गरम तोंडात टाकायचे. कधी गवताचं बी कुटलेलं, कधी खाडीतली कालवं नि खेकडे. मोठं जनावर हाती लागलं की मग काय विचारता, दिवसभर आरडाओरडा आणि नाच! ते क्वचित घडायचं, म्हणून तर त्यांनी मला कोरलं. रोजचा कंद कोण कोरत बसेल? तुम्ही तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो काढता, आमटीभाताचा काढता का?

पुढे ती माणसं गेली. माझ्या रेघांत माती भरली, वर गवत उगवलं. गुरं चारायला येणारा दादू माझ्यावर बसून नाचणीची भाकरी नि सुकट खायचा, पण आपण कशावर बसलोय हे त्यालाही माहीत नव्हतं. मग शहरातून अभ्यासक आले, त्यांनी माती काढली आणि माझा एकदम भाव वधारला. पाहुणे येऊ लागले, तोंडात बोटं घालू लागले. जमीन दादूचीच, त्यामुळे तो रोज येऊन गवत उपटायचा, झाडून काढायचा. त्याचा मुलगा हर्षद बंदरावर क्रेन चालवतो. सुट्टीच्या दिवशी तोच पाहुण्यांना माझी माहिती सांगायचा.

हर्षदची आई मालन शुगरने गेली. आधी तिचा पाय काढावा लागला, मग तीही राहिली नाही. दादूलाही शुगर. तो इन्सुलिनवर होता. बापही असाच जाणार, ही धास्ती हर्षदच्या मनात बसली. त्यात मोबाईलवर त्याने कुणाचं तरी भाषण ऐकलं, की आपले पूर्वज भात-भाकरी खातच नव्हते, मांस खायचे आणि ठणठणीत राहायचे. त्याने स्वतः भात सोडला, तर पोट खरंच उतरलं. मग काय, बापाला घेऊन तो सड्यावर आला.

"बाबा, हे बघा," मला पायाने दाखवत तो म्हणाला. "इथे भाताची लोंबी दिसते? नाचणी दिसते? नुसती जनावरं! ह्यांना होती काय शुगर?"

दादू हसला. "अरे, भात मिळत नसेल त्यांना."

"म्हणूनच धडधाकट होते. उद्यापासून भाताची पेज बंद."

"पेज बंद? मेल्या, मग सकाळी खाऊ काय मी?"

"अंडी खा, मासे खा, भाजी खा. बाबा, आईसारखं तुम्हाला घालवायचं नाही हो मला."

दादूने मान डोलावली. मी खाली पडून ऐकत होतं. मला तोंड कोरलेलं आहे, पण ते काय कामाचं?

सुरुवातीला शुगर उतरली आणि हर्षद खूश झाला. पण ताटातला भात गेला तरी इन्सुलिन तेवढंच राहिलं. ड्यूटीवर जाण्याआधी हर्षद स्वतःच्या हाताने टोचायचा. डॉक्टरांना विचारावं, हे घरात कोणालाच सुचलं नाही. सून अक्षया एकदा सड्यावर त्याला म्हणाली, "अहो, बाबा थरथरतात मधूनच. घोटभर पेज देऊ काय?"

"जुनी सवय मोडताना होतं तसं," हर्षद म्हणाला.

एका सकाळी दादू गवत उपटायला आला. अंड्यांचा वीट आला म्हणून ती कुत्र्याला घातली, असं एकटाच बडबडत होता. ऊन कोवळं होतं, तरी त्याला दरदरून घाम फुटला. तो खाली बसला, जीभ जड झाली आणि माझ्या पाठीवरच आडवा झाला. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली.

"आजोबा, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय."

दादू काहीतरी पुटपुटला.

"सकाळी सकाळीच लावलीय वाटतं," एक जण हसला. "राहू दे, त्याला सोडून काढ."

त्यांनी माझ्या डोक्याकडचे फोटो काढले नि ते निघून गेले. त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

अक्षया शोधत आली तेव्हा दुपार झाली होती. "बाबा! ओ बाबा! डोळे उघडा ना!" तिची हाक सड्यावर लांबवर गेली.

रत्नागिरीला हॉस्पिटलात दादूचा जीव वाचला. डॉक्टर काय म्हणाले ते हर्षदने नंतर इथेच बसून अक्षयाला सांगितलं. भात कमी करायला कोणाची ना नव्हती, पण मग इन्सुलिनही कमी करायचं होतं, तेही विचारून. साखर फार वेळ खाली राहिली, मेंदूला मार बसला. हे सांगताना तो रडला नाही. बाजारातला भाव सांगावा तसं त्याने सांगितलं.

आता दादू बोलत नाही, कोणाला ओळखत नाही. संध्याकाळी हर्षद त्याला उचलून आणतो, माझ्या कडेला खुर्चीत बसवतो आणि मऊ पेज चमच्याने भरवतो. दादू गिळतो. चव कळते की नाही, कोण जाणे.

परवा सहलीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, ही माणसं काय खायची हो?"

हर्षदने चमचा वाटीत ठेवला. "मिळेल ते खात असतील," तो म्हणाला. "मला नाही गं माहीत." आणि त्याने बापाची हनुवटी पुसली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी कातळ आहे, टिकेन. पण मला पुन्हा साक्षीला ओढू नका. ज्याच्या ताटातलं काढायचं असेल त्याला आधी विचारा, त्याच्या डॉक्टरांना विचारा, आणि तो उत्तर देतोय तोवरच विचारा. आमच्या दादूला आता विचारून काही उपयोग नाही.