ज्योत्स्नाचा उजवा घोटा

पोलीस भरतीची धाव आठ दिवसांवर आली होती, आणि ज्योत्स्ना अकोल्यात सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर ओढणीनं तोंड झाकून, चोरी केल्यासारखी बसली होती. शेजारी आई, पार्बताबाई, दाराकडे डोळे लावून. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून तर अमरावती सोडून त्या इथवर आल्या होत्या.

पंधरा दिवसांपूर्वी गावी, नांदगाव खंडेश्वरात, सराव करताना शेताच्या धुऱ्यावरून उडी चुकली आणि ज्योत्स्नाचा पाय मुरगळला. अमरावतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, हाड शाबूत आहे, पण लिगामेंट यात दिसत नाही; सोनोग्राफी करा, तोवर धावायचं नाही. सोनोग्राफी म्हटल्यावर पार्बताबाईनं डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून पिशवीत टाकली आणि लेकीला घरी आणलं.

"लग्नाची पोरगी सोनोग्राफीवाल्याच्या दारात? लोकं काय म्हनतीन वं?"

मग खुशालरावांना बोलावलं. ते पायाळू, पायांकडून जन्मलेले. गावात कोणाची लचक भरली की त्यांच्याच पायानं उतरायची. त्यांनी तीनदा पाय लावला, सूजही ओसरली. ज्योत्स्नाला तरी दुसरं काय हवं होतं? ती पट्टी बांधून धावत राहिली. परवा धावता धावता पाय आपोआप आत वळला, ती तोंडावर आपटली, तेव्हा कुठं आईचा नाइलाज झाला.

"कितवा चालू हाय वं लेकीले?" समोरच्या बाईनं मायेनं विचारलं. पार्बताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आतून हाक आली म्हणून बरं.

डॉक्टरीणबाईंनी घोट्यावर थंडगार जेल लावलं. आधी चांगला पाय पाहिला. पडद्यावर दोन हाडांमध्ये एक पट्टा ताठ बसलेला दिसला. मग उजवा. त्यांनी टाच धरून पुढं ओढली, तशी मधे काळी फट उघडली. ज्योत्स्नाला कळलं, तरी तिनं विचारलं.

"आठशे मीटर हाये मॅडम. पट्टी बांधून जमन?"

"आधी अर्धवट फाटला असेल. त्यावर तू धावलीस. आता पूर्ण तुटलाय. निदान तीन महिने धावणं नाही."

तीन वर्षं ती या एका धावेसाठी पहाटे उठत होती. तिला रडूही येईना. नुसता राग येत होता, आईचा आणि स्वतःचाही.

बाहेर ती बाई वाटच पाहत होती. "काय निघालं वं?"

ज्योत्स्नानं ओढणी तोंडावर घेतली. पार्बताबाईनं ती बाजूला सारली, तिला बाकावर बसवलं, आणि स्वतः फरशीवर बसून लेकीचा पुन्हा सुजलेला पाय सगळ्यांदेखत मांडीवर घेतला.

"घोट्याचा पट्टा तुटला पोरीचा," ती मोठ्यानं म्हणाली. "डाक्टरनं पंधरा दिस आधीच सांगतलं होतं. मीच आनली नाई."