सतरावी नोंद

मी नोंदवही बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. १९६१ साली सहदेव मास्तरांनी मला महाडच्या बाजारातून घेतलं. मास्तर पोलादपूरकडे शाळेत शिकवत आणि सुट्टीत मुंबईला जाऊन विद्यार्थ्यांना मार्गदर्शन कसं करावं याचं शिक्षण घेत. त्यासाठी चाळीस मुलांच्या मुलाखती घेऊन प्रबंध लिहायचा होता.

तिकडे शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या पहिल्याच पानावर लिहून दिलं होतं, 'संशोधकाने फक्त ऐकावे. मध्ये पडू नये.' मास्तर सरळमार्गी माणूस, ते अगदी सोवळ्यासारखं पाळत.

सतरावी मुलगी अंबू. डोंगरावरच्या वाडीतली, सहावीत पहिली आलेली. मास्तर वाडीवर चढले तेव्हा तिची आई, बयाबाई, शेळ्या सोडून समोर येऊन बसली.

"मास्तर, पोरीला सातवी करायची हाय. बाप नाय म्हनतो. औंदा लगीन लावतो म्हनतो."

मास्तरांनी शब्द न शब्द उतरवला.

"लिवलंत ना?"

"लिहिलं."

"मंग झालं," म्हणाली आणि उठली.

वाडीवर वही घेऊन कोणी आलं की पुढे काहीतरी घडतंच. जंगलखात्याच्या शिपायाने लिहून नेलं, की लगेच शेळ्या कोंडवाड्यात जातात. देवी काढणाऱ्याने नावं लिहिली, की पोरांचे दंड टोचले जातात. म्हणून बयाबाईने त्या दिवसापासून नवऱ्याशी भांडणं सोडलं आणि लग्न थांबवणाऱ्या सरकारी हुकमाची वाट पाहत बसली. हे तिनेच नंतर सांगितलं.

वैशाखात ती मास्तरांच्या घरी आली.

"मास्तर, हुकूम कदी यायचा? पोरीचं लगीन तर झालं परवा."

मास्तरांनी मला उघडून पान दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, "लिवलंय तर खरं," म्हणाली आणि वाडीच्या वाटेला लागली.

प्रबंध मंजूर झाला. सतराव्या नोंदीच्या समासात बाईंनी लाल शाईने लिहिलं, 'आदर्श मुलाखत. संशोधक कुठेही मध्ये पडलेला नाही.' मास्तरांनी ते वाचलं आणि मला ट्रंकेत टाकलं. त्यांना आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. मलाही काही वाटत नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळतं.

बायांनो, बाबांनो, कोणी तुमच्यापुढे माझ्यासारखी वही उघडली, तर आधी विचारा, 'लिहून झाल्यावर तुम्ही काय करणार?' बयाबाईने विचारलं असतं, तर मास्तरांना 'काहीच नाही' म्हणावं लागलं असतं. आणि ती घरी जाऊन भांडली असती.