माप संध्याकाळी घ्यायचं

म्हाताऱ्याची उभी हयात बूट शिवण्यात गेली, आणि सूनबाईच्या नव्या नोकरीला बूट आणले ते तिच्या भावानं. बड्या कंपनीचे, पांढरेफेक, नाव रस्त्यापलीकडून वाचावं असे. इस्पितळात नर्स म्हणून तिचा पहिला दिवस. म्हातारा मनातून पार खट्टू झाला.

संध्याकाळी सूनबाई अनवाणी आली, बूट हातात घेऊन.

"काय गं, मळतील म्हणून हातात धरलेस?"

"टोमणे मागाहून मारा, बाबा. दिवसभर उभं राहून टाचा सोलून निघाल्यात. माझं माप घ्या आधी."

"भावाबरोबर दुकानात सकाळी गेली असशील. तिथंच गंमत झाली. उभं राहून राहून पाय फुगतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं. सकाळी आलेलं गिऱ्हाईक मी परत धाडतो!"

त्यानं कागद अंथरला आणि दोन्ही पाय वेगवेगळे आखून घेतले. चार दिवसांत साधे काळे बूट तयार झाले. ना नाव, ना नक्षी.

रविवारी भाऊ आला. बहिणीच्या पायांकडे बघून त्याचं तोंड उतरलं. म्हाताऱ्याला वाटलं, आता ही काहीतरी सबब सांगणार.

सूनबाई म्हणाली, "दादा, तुझे बूट लग्नाकार्यात मिरवीन. पण बारा तास उभं राहायचं ना, तर आमच्या बाबांच्या हातचेच हवेत. तूही माप देऊन जा."

म्हातारा आरी शोधायच्या निमित्तानं पाठमोरा झाला. मिशीतलं हसू काही केल्या आवरत नव्हतं.