माळ्याची खोली

“अगं, हे गवतच हाय की!” भागूबाईनं चपला काढून हातात घेतल्या आणि हिरवळीच्या कडेला वाकून पाहिलं. “एवढं रान पाण्याखाली, आन् पीक गवताचं? गुरं कुठं बांधत्यात?”

“गुरं न्हाईत वो आक्का. वाढलं की कापायचं, कापलं की वाढवायचं.” बंगला दाखवायला आलेली रतनबाई हसली. ती इथल्या रखवालदाराची बायको.

मागं उभी असलेली सून इंद्रायणी तोंडाला पदर लावून हसली.

खंडाळ्याच्या डोंगरावरचा हा बंगला शंभर वर्षांचा. कुणा गोऱ्या साहेबानं बांधलेला, आता मुंबईच्या शेठचा. भागूबाईचा नवरा बाळाजी लग्नापासून मरेपर्यंत इथं माळी होता. मोशीच्या घरी यायचा तो पेरणीला आणि दिवाळीला. चैत्रात तो गेला आणि शेठचा निरोप आला, जागा मुलाला देतो. मुलगा सयाजी म्हणाला, “आये, तूच बघून ये आन् ठरीव. न्हाईतर पिंपरीच्या कारखान्यावर जातो.” म्हणून सासू-सुना चिंचवडला पॅसेंजरमध्ये बसल्या होत्या.

भागूबाईला आधी एवढंच पाहायचं होतं, की माणसाला उभा जन्म धरून ठेवणारं इथं आहे तरी काय? जात्यावर ती म्हणत आली होती,

वारा येतो घाटावून, शेव पदराची हाले
बाग न पाहिली बाई, धनी बागेचे गं झाले

आज तिनं सगळ्याला हात लावून पाहिला. कारंज्याला. काचेच्या खोलीला. “झाडांना घर, ते बी काचेचं!” परडीएवढ्या निळ्या फुलांच्या गेंदाला नाक लावलं. “वासच न्हाई गं ह्येला.”

बंगल्यामागं नोकरांच्या खोल्या होत्या. बाळाजीची रतनबाईनं उघडली. खाट, खुंटीवर घोंगडी, आणि कोपऱ्यात घरभराचा स्वयंपाक होईल अशी वैलाची मोठी चूल. भागूबाईनं तिच्या तोंडात हात घातला. बोटं कोरी निघाली.

“पेटलीच न्हाई ही?”

“बाळाजीदादा बंगल्यातच जेवायचे.”

“मला तर म्हणायचे, खोली एकल्याची हाय,” भागूबाई म्हणाली. “बाईमाणसाला परवानगी न्हाई.”

रतनबाई गडबडली. “आक्का, आमी न्हाई का पलीकडं? माजी तिन्ही पोरं हितंच झाली. कितीदा म्हटलं, भागूबाईंना आणा की. तर म्हणायचे, तिला शेत सोडवायचं न्हाई.”

भागूबाई खाटेच्या काठावर बसली. खिडकीतून ते हिरवं रान दिसत होतं, नीट कापलेलं.

“मला इचारलंच न्हाई कधी,” ती म्हणाली.

मग तिनं सुनेकडं पाहिलं.

“इंद्रायणी, सयाजीला हितं धाडायचा तर तुला संगं यायचं हाय का? माज्या तोंडाकडं बघू नगं. तुजं सांग.”

इंद्रायणीनं खोली पाहिली, चूल पाहिली. “व्हय,” ती हळूच म्हणाली. आणि लगेच, “पर आत्या, तुमी मोशीला एकल्याच?”

“मला सवय हाय त्येची.” भागूबाई उठली. “रतनबाई, शेठला सांगा, दोघं येत्यात.”

तिनं पदर खोचला, बाहेर गेली, गुलाबाच्या आळ्यातली ओली माती ओंजळभर घेऊन आली आणि सुनेची चूल सारवायला बसली.