दगडफूल खरवडणारा उलथना

मी एक जुना लोखंडी उलथना आहे. जन्म नेकनूरच्या लोहाराच्या भट्टीतला आणि आयुष्य सगळं तव्यावर गेलेलं, त्यामुळे स्वभाव थोडा तापट आहे. मित्रांनो, तेवढं सांभाळून घ्या.

चौसाळ्याच्या नीलाबाईंनी मला घेतलं त्याला आता वीस वर्षं झाली. त्यांचा येसूर, म्हणजे आमटीत घालायचा भाजका मसाला, पंचक्रोशीत नावाजलेला. लग्नकार्य कुणाचंही असो, आमटीत येसूर त्यांचाच. तो कढईत भाजायचा मान माझा. "ह्याच्यासारखा उलथना साऱ्या गावात न्हाई," असं त्या म्हणाल्या की मी फुगायचो. कढईच्या बुडाला काही चिकटू द्यायचं नाही, खरवडून काढायचं, एवढंच मला कळत होतं.

नीलाबाईंचा मुलगा सोमेश्वर लडाखला रस्त्याच्या कामावर आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या त्याला भेटायला गेल्या. परक्या उलथन्याने त्यांचा हात चालत नाही, म्हणून बोचक्यात मीही होतो.

एके दिवशी सोमेश्वर आम्हाला उंचावर फिरायला घेऊन गेला. धपाटे गरम करायला स्टोव्ह आणि तवा बरोबर होता. तिथे झाड नाही, झुडूप नाही. इथे चार काड्या गवत, तिथे जमिनीला चिकटलेला हिरवा गोळा, बाकी नुसते दगड.

"आपला माळ बरा की रं! हितं देवानं काई लावलंच न्हाई," नीलाबाई म्हणाल्या.

मग त्यांची नजर दगडांवर गेली. दगडांवर करड्या, काळ्या, केशरी खपल्या होत्या. "अगं बाई, दगडफूल!" येसरात घालायचं दगडफूल त्यांना बाजारातून आणावं लागे, आणि इथे तर डोंगरच्या डोंगर भरलेला. फुकट ते पौष्टिक! त्यांनी मला उचललं. मी दोन दगड लख्ख करून टाकले. खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

नीलाबाईंनी लगेच बचत गटाच्या बायकांना फोनवर निरोप धाडला, "लई दगडफूल हाय, बायांनो! येताना उलथने अन् पिशव्या घेऊन या." गटातल्या चाळीस जणी पुढच्याच महिन्यात लडाखला सहलीला येणार होत्या.

तेवढ्यात बकऱ्या घेऊन आंगमो नावाची बाई आली. ती ओरडली नाही. उघड्या पडलेल्या दगडावरून तिने हात फिरवला आणि हिंदीत सोमेश्वरला काहीतरी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"माय, हे आपल्या मसाल्याचं दगडफूल न्हाई. रुपयाएवढा डाग वाढायला हितं एका माणसाचा जन्म जातो. ती म्हणती, आधी हे दगडाला धरतं, मग माती टिकती, मग गवत, मग बकऱ्या. आधीच गाड्या रस्ता सोडून कुठंबी घुसायल्यात. चाकाचा चरा वर्षानुवर्षं भरत न्हाई."

"मग कावून आधी सांगितलं न्हाईस?"

"मलाबी आजच कळलं."

नीलाबाई खाली बसल्या. पदरातला भुगा त्यांनी ओल्या बोटांनी दगडावर परत दाबून बघितला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. तो चिकटला नाही. वारा आला आणि घेऊन गेला. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या धारेची लाज वाटली.

पण निरोप गेला होता. नीलाबाईंच्या शब्दाला गटात वजन होतं, आणि तोच शब्द मागे घ्यायचा म्हणजे चारचौघींत हसं होणार. चौसाळ्याला परतल्यावर त्या फोन हातात घ्यायच्या आणि तसाच ठेवून द्यायच्या.

बस निघायच्या सकाळी मात्र मला हातात घेऊन त्या बसच्या दारात उभ्या राहिल्या. "बायांनो, उलथने हितंच ठेवून जा."

भामाबाईंची जीभ गावात सगळ्यात तिखट. "सवताचं भरून आणलं अन् आमाला न्हाई म्हणता व्हय?"

"चिमूटभर बी आणलं न्हाई. मी चुकले, भामाबाई. म्या खरडलेला दगड तुमी बघसाल तिथं. माझ्या नातवाच्या नातवाला बी तो तसाच उघडा दिसंल."

बसमध्ये कुणी हसलं नाही. भामाबाईंनी पिशवीत हात घातला, आपला उलथना काढला आणि नीलाबाईंच्या हातात दिला. मग दुसरी उठली, मग तिसरी. बसमधले सगळे उलथने उतरले; त्या दिवशी नीलाबाईंच्या ओट्यावर माझी सतरा भावंडं माझ्याशेजारी पडली होती. एवढा आनंद मला कुठल्या लग्नाच्या कढईतही झाला नव्हता.

पंधरा दिवसांनी बस परत आली. भामाबाई उतरल्या त्याच सांगत, "मळल्या वाटंच्या भाईर पाय ठेवला न्हाई आमी. डायवर गाडी उतरवायला लागला, तर त्येला बी रस्त्यावर आणला!" आंगमोने सगळ्यांना चहा पाजला होता. नीलाबाईंनी ते सगळं दोनदा सांगायला लावलं.

मी अजून येसूर भाजतो, पहिल्यासारखाच बाजारच्या दगडफुलाचा. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. जिथे काहीच उगवलेलं नाही असं तुम्हाला वाटेल, तिथे आधी गुडघे टेकून नीट बघा, आणि माझ्यासारख्याला घरीच ठेवून जा.