माझी एक लहानशी चेष्टा

मी एक पुस्तक बोलतोय. पानं एकशे बारा, भाषा इंग्रजी, बांधणी साधी. अंगावर किंमत छापलेली नाही, कारण मला विकायचं असं लेखकाच्या मनातच नव्हतं. कोणी घेणार नाही त्यावर किंमत कशाला, असंही कोणी म्हणेल. म्हणू द्या. पुस्तकांना असली बोलणी ऐकायची सवय असते.

माझा जन्म जबलपूरला, कमानिया गेटजवळच्या एका गल्लीत झाला. छापखाना लग्नपत्रिकांचा. माझ्या आधी सराफ्यातल्या एका सोनाराच्या मुलीची पत्रिका छापून झाली होती आणि माझ्यामागे कोणाच्या तरी तेरवीचं पत्र रांगेत होतं. त्या मधल्या वेळात मी झालो. सव्विसाव्या पानाच्या कोपऱ्यात सोनेरी शाईचा एक ठिपका आहे, तो त्या लग्नाचा. माझ्या अंगावरचा तेवढाच दागिना.

माझे लेखक ओवेन टियर्नी हे आयर्लंडचे. चौतीस वर्षं तिथल्या एका गावात टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करत होते. निवृत्त झाल्यावर पणजोबांची कबर शोधायला जबलपूरला आले. पणजोबा इथल्या छावणीत शिपाई होते म्हणे. कबर काही सापडली नाही. पण भय्यासाहेब पोतनिसांच्या घराची माडी सापडली. मग दर नोव्हेंबरला यायचं, माडीवर राहायचं आणि मार्चमध्ये परत जायचं, असा क्रम आठ वर्षं चालला.

भय्यासाहेब म्हणजे संरक्षण कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. पत्नी कुंदा गेल्यापासून मुलगा, सून सुमेधा आणि नात सलोनी यांच्याबरोबर राहतात. मराठीत हिंदी मिसळली की त्यांचं डोकं उठतं. ही मिसळ ते स्वतः दिवसभर करतात, पण ते त्यांना ऐकू येत नाही. टियर्नींचं त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'टिरणीकर' केलं आणि त्यांना मराठी शिकवायला घेतलं.

"भय्यासाहेब, मला नींद येऊन राहिली."

"नींद काहून रे? झोप म्हण, झोप! अच्छा, चलो, पुढचं वाक्य."

सलोनी कोपऱ्यात तोंडावर ओढणी धरून हसायची.

टियर्नींनी आधी पाच पुस्तकं लिहिली होती. सगळी स्वखर्चाने छापलेली. एकदा भय्यासाहेबांनी न राहवून विचारलं, "काहून रे टिरणीकर, तुले एकही प्रकाशक नाही भेटला?"

"भेटले ना. पुष्कळ भेटले. सगळे चांगली माणसं. फार सभ्यपणे 'नाही' म्हणतात."

"मग लिहितो कशाला?"

टियर्नी विचार करून म्हणाले, "मी चौतीस वर्षं पत्रं पाहिली. एका पत्राला एक पत्ता. हजार पत्ते असले की ते पत्र नाही, जाहिरात. माझं पुस्तक एका माणसाला पोचलं, काम झालं."

म्हणून आमच्या बाराच प्रती छापल्या गेल्या. "माझ्याकडे बाराच पत्ते आहेत," असं त्यांनी छापखान्यात सांगितलं, तेव्हा तिथले गौतमजी त्यांच्याकडे दयेने बघत राहिले. एवढ्या तर लग्नाच्या पत्रिका वाटून उरतात.

मी कोणाबद्दल आहे हे भय्यासाहेबांना ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याबद्दल आहे. त्यांच्या सकाळच्या फिरण्याबद्दल, त्यांच्या मराठीबद्दल, आणि मधल्या एका प्रकरणात कुंदाबाईंबद्दल. त्यांची ती गोष्ट भय्यासाहेबांनी आयुष्यात एकाच माणसाला, टियर्नींना, सांगितली होती. पोटच्या मुलालाही नाही.

अर्पणपत्रिका मराठीत असावी असं टियर्नींनी ठरवलं. भय्यासाहेबांना चकित करायचं, तर त्यांनाच विचारणार कसं? टियर्नींना लिहायचं होतं, 'हा माझा एक लहानसा प्रयत्न.' गौतमजींनी अक्षरं जुळवता जुळवता मान हलवली.

"प्रयत्न तो सरकारी लगता है, साहब. 'चेष्टा' रखिए. वज़न पड़ेगा."

"चेष्टा मराठीत चालतो?"

"संस्कृत है, साहब. सब जगह चलेगा."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, टवाळी. संस्कृत बिचारी एकच, पण दोन घरी नांदायला गेली की स्वभाव बदलतो. मी तेव्हा ओल्या शाईत पडलेलो. ओरडायला मला तोंड नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मराठी मंडळींची बैठक होती. पंचवीसेक लोक होते, त्यातले निम्मे साबुदाणावड्यांसाठी. टियर्नी इस्त्रीचा कुर्ता घालून उभे राहिले, मला छातीशी धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"भय्यासाहेब, ही तुमच्याबद्दल माझी एक लहानशी चेष्टा!"

मग सगळं सभागृह हसलं. एकजण मागून ओरडला, "घ्या भय्यासाहेब! गोऱ्यानं चेष्टा केली तुमची!" पुन्हा हशा. टियर्नींना वाटलं, आनंदाचा आहे. तेही हसले.

तिथल्या प्रत्येकाला दोन्ही अर्थ माहीत होते, म्हणून तर हसले. भय्यासाहेबांनाही माहीत असणार असं धरून कोणी त्यांना समजावलं नाही. आणि भय्यासाहेबांनी धरलं ते वेगळंच. टिरणीकर हा त्यांचा हातचा विद्यार्थी. आठ वर्षं घोटून घेतलेला. त्याच्या मराठीत हिंदी शब्द येणंच शक्य नाही. तेव्हा चेष्टा म्हणजे चेष्टाच.

त्यांनी मला हातात घेतलं, अनुक्रमणिका उघडली, सहाव्या प्रकरणाचं नाव वाचलं: 'कुंडम'. कुंदाबाईंच्या त्या गोष्टीचंच हे नाव; तिचीही थट्टा झाली, असं त्यांनी धरलं. ते एवढंच म्हणाले, "अच्छा."

त्या दिवसापासून 'अरे टिरणीकर' संपलं. "आपण जेवलात?" "आपला चहा ठेवलाय." मराठी माणूस पूर्ण तुटला की किती आदराने बोलतो, हे परक्या माणसाला कुठून कळणार? टियर्नींनी बहिणीला फोनवर आनंदाने सांगितलं, की भाषेतल्या सगळ्यात वरच्या पायरीवर आपल्याला बढती मिळाली. मी दिवाणखान्यातल्या कपाटात होतो. सगळं ऐकलं.

निघायच्या दिवशी त्यांनी जिन्यात विचारलं, "भय्यासाहेब, वाचलं?"

"आपण लिहिलंत. तेवढं पुरे."

एप्रिलमध्ये कूलर बाहेर निघाला. स्टँडचा एक पाय आखूड होता, डुगडुगत होता. मिस्त्री म्हणाला, "दादा, नीचे कुछ मोटा लगा दो." भय्यासाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. जुन्या डायऱ्या होत्या, दिवाळी अंक होते. त्यांनी मला उचललं.

उन्हाळाभर मी त्या पायाखाली होतो. टाकीतून थेंब थेंब पाणी ठिबकायचं. मी फुगत गेलो. आपला लेखक कुठे असेल, याचा विचार करायला वेळ भरपूर मिळाला.

मे महिन्यात सुमेधाच्या फोनवर निरोप आला. "बाबा, टिरणीजी विचारून राहिले, वाचलं का म्हणून. काय सांगू?"

"सांग, कामात आहे."

कूलरसमोर पाय पसरून पडलेला माणूस कसल्या कामात आहे, ते सुमेधाला दिसत होतं. तिने आपल्या मनाने लिहिलं, 'वाचून राहिले आहेत. सावकाश.' चांगल्या घरच्या सुना असलं खोटं रोज बोलतात. त्यावर घरं चालतात.

ऑक्टोबरमध्ये कूलर आत गेला आणि मी उजेडात आलो. सलोनीने मला झटकलं आणि अर्पणपत्रिकेचं पान उघडलं. तिला मराठी कळतं, पण ती विचार हिंदीतच करते.

"आबा, हाऊ स्वीट! टिरणी अंकलने आपके लिए चेष्टा की है! आणि तुम्ही ह्याला कूलरखाली टाकलं?"

"चेष्टाच केली त्यानं. मग काय डोक्यावर ठेवू?"

"अरे आबा, चेष्टा मतलब कोशिश! बिचाऱ्यानं ट्राय केलं ना, मराठीत लिहायचं."

भय्यासाहेब खुर्ची ओढून खिडकीशी बसले, चष्मा पुसला आणि कुंडमचं प्रकरण उघडलं.

कुंदाबाईंना कुंडम बघायचं होतं. जंगलातलं छोटं गाव, बसने दीड-दोन तास. 'माझ्या नावाचं गाव आहे हो, एकदा तरी दाखवा,' असं त्या म्हणायच्या. 'रिटायर झालो की जाऊ,' असं हे म्हणायचे. निवृत्तीला अकरा दिवस असताना त्या गेल्या. नंतर भय्यासाहेब एकटेच त्या बसमध्ये बसले. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली आणि विचारेल त्याला सांगत राहिले, "कोई बैठा है." कुंडम आलं, तेव्हा त्यांच्याने उतरवलं नाही. त्याच बसने परत आले.

एकसष्टाव्या पानाची शेवटची ओळ आहे: 'जागा भरलेली आहे, असं म्हातारा सगळ्यांना सांगत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता.'

भय्यासाहेबांनी पान उलटायला बोट लावलं. उलटेना. तिथून पुढची पानं पाण्याने एकमेकांना चिकटून गेली होती.

"सलोनी, त्याला फोन लाव. आत्ता."

फोन कोणी उचलला नाही. संध्याकाळी टियर्नींच्या बहिणीचा निरोप आला. सलोनीने तो मोठ्याने वाचला. ओवेन जुलैमध्ये गेला. हृदयाचा त्रास होता. प्रकाशकांच्या नकारांचं त्याला कधी दुःख नव्हतं. तो म्हणायचा, माझा एक वाचक जबलपूरला आहे, माझं पुस्तक सावकाश वाचतोय, त्याला घाई करायची नाही. खाली तिने विचारलं होतं, दुसरी प्रत पाठवू का?

"नको म्हणावं," भय्यासाहेब म्हणाले. "मला ही दिली होती. हीच वाचीन."

सुमेधा पदराने डोळे पुसत आत गेली.

आता मी खिडकीत असतो. भय्यासाहेब रोज सकाळी चहाचं आधण उकळलं की मला वाफेवर धरतात आणि सुरीच्या पाठीने एकेक पान सोडवतात. कधी सुटतं, कधी फाटतं. बासष्टावं अर्धंच हाती आलं. त्रेसष्टावर फक्त तीन ओळी उरल्या. त्या त्यांनी पाच वेळा वाचल्या. पुढे काय लिहिलंय ते मला पाठ आहे, पण पुस्तकाला आपणहून वाचून दाखवता येत नाही. कोणीतरी उघडावं लागतं, वेळेवर.

तुम्हाला कोणी हौशी माणूस आपलं पुस्तक देईल. नक्की देईल, आजकाल पुष्कळ जण लिहितात. बांधणी साधी असेल, शुद्धलेखन यथातथा असेल, एखादा शब्द भलत्याच घरचा असेल. तुम्हाला राग येईल. यावा. फक्त माझं एवढं ऐका, रागवायचंच असेल तर वाचून रागवा.